मतपत्रिका लंकेची, मथळा आमचा

श्रीलंकेच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी सप्टेंबर २०२४मध्ये मला कोलंबोला पाठवायचं ठरलं, तेव्हा बातमी जवळपास लिहून झालेली होती. फक्त डेटलाइन, म्हणजे बातमी कुठून आली ते नाव, कोलंबोची हवी होती. बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर मुद्दे मांडलेले होते: चीन, हंबनटोटाचं बंदर, मार्क्सवादी उमेदवार, मन्नारचा अदानींचा पवनऊर्जा प्रकल्प आणि तमिळ. शेवटच्या मुद्द्यापुढं काहीच नव्हतं. तमिळांचं काय, ते तिथं गेल्यावर बघायचं होतं. लंकेतले लोक मत कशावर देणार आहेत, हा प्रश्न फळ्यावर नव्हता आणि बैठकीत तो कुणाला आठवलाही नाही.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो, हे आधीच सांगते. विदेश पानावर मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळं त्या फळ्यामागचं गणित मला तोंडपाठ आहे. पान एकच. त्यातली बरीच जागा जाहिराती खातात. उरलेल्यात अमेरिका, पाकिस्तान, चीन आणि त्या वेळी जे चालू असेल ते युद्ध. छोट्या देशाला आत शिरायचं तर सत्तापालट, भूकंप किंवा बोट बुडणं, यांपैकी काहीतरी व्हावं लागतं. नाहीतर मग तिथल्या घटनेची शेपटी आपल्याला नाहीतर चीनला जोडून दाखवता यायला हवी. योहान गाल्टुंग आणि मारी होल्म्बो रूगे या नॉर्वेच्या संशोधकांनी १९६५ सालीच हे मांडून ठेवलंय. काँगो, क्यूबा आणि सायप्रसमधल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या चार दैनिकांत कशा आल्या, हे त्यांनी तपासलं. देश जितका दूरचा आणि सत्तेच्या उतरंडीत खालचा, तितकी तिथली घटना ठळक, वाईट, एका माणसाभोवती फिरणारी आणि वाचकाच्या आधीच्या समजुतीत बसणारी असावी लागते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या डेस्कवर त्यांचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, पण नियम सगळे पाळत होते.

लंकेचंच २०२२ साल घ्या. २०२१च्या अखेरीपासून तिथं डॉलर आटत चालले होते. दूध पावडर, गॅस, औषधं, डिझेल एकेक करून दिसेनासं होत होतं. एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची कॉपी रोज यायची आणि पान लावताना रोज बाजूला पडायची. ३१ मार्चच्या रात्री मिरिहानात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या खासगी घरासमोर जमाव जमला, तेव्हा दोन कॉलम मिळाले. १२ एप्रिलला सरकारनं परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. लंकेच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि वर्षभरातली सगळ्यात मोठी बातमी तीच होती. ती आतल्या पानावर गेली. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि तिथल्या तलावात पोहू लागले, तेव्हा मात्र थेट पहिलं पान, मोठा फोटो. जगभर तसंच झालं. गोटाबाया मालदीवमार्गे सिंगापूरला पळाले. २० जुलैला संसदेनं १३४ मतांनी रनिल विक्रमसिंघेंना राष्ट्राध्यक्ष केलं, तोवर तलाव शिळा झाला होता.

पुढची दोन वर्षं? ऑगस्ट २०२२मध्ये वीजदर सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले, फेब्रुवारी २०२३मध्ये त्यावर आणखी ६६ टक्के. मार्च २०२३मध्ये नाणेनिधीचं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं, त्याच्या अटींसकट. जानेवारी २०२४पासून व्हॅट १५वरून १८ टक्क्यांवर गेला. या काळात आम्ही लंकेविषयी काय छापलं, ते निघण्याआधी मी जुन्या अंकांत शोधलं. बरंचसं क्रिकेट. उरलेलं बहुतेक चिनी जहाज, ते ‘युआन वांग ५’, ऑगस्ट २०२२मध्ये हंबनटोटाला लागलेलं. म्हणजे दोन वर्षं पानं उलटलेली नसताना मी शेवटच्या प्रकरणाला चालले होते.

पत्रकार म्हणून जायचं तर पर्यटकाच्या व्हिसावर भागत नाही. अर्ज, कार्यालयाचं पत्र, कॅमेऱ्याच्या अनुक्रमांकासह सामानाची यादी, मग कोलंबोत सरकारी माहिती विभागाचं ओळखपत्र आणि मतमोजणीसाठी निवडणूक आयोगाचं वेगळं. कंटाळवाणं काम, पण तिथली माणसं नीट बोलतात. रांगेतल्या प्रत्येकाच्या अर्जावर ‘भेटीचा उद्देश’ या रकान्यात साधारण एकच वाक्य होतं.

खरी सुरुवात फिक्सरपासून होते. वाचकाला हा माणूस माहीत नसतो, कारण बायलाइनमध्ये त्याचं नाव नसतं. गाडी तो ठरवतो, माणसं तो गाठून देतो, सिंहली-तमिळचं इंग्रजी तो करतो, कुठं कॅमेरा काढायचा नाही तेही तोच सांगतो. आमचा फिक्सर एका सिंहली साप्ताहिकात वार्ताहर होता. संकटानंतर रुपया कोसळला आणि पगारात घर चालेना, म्हणून परदेशी पथकांची कामं घेऊ लागला. स्वतःच्या साप्ताहिकात तो पाटबंधारे आणि शेतीवर लिहायचा. ते काम अजूनही करत होता, रात्री.

पहिल्या संध्याकाळी त्यानं फोनवर एक यादी उघडली. आतापर्यंतच्या परदेशी पाहुण्यांनी मागितलेल्या जागा: गॉल फेसचा आंदोलनाचा पट्टा, पोर्ट सिटी, लोटस टॉवर, हंबनटोटा बंदर, आणि नुवारा एलियाकडचा एक चहामळा, ज्यापुढं त्यानं लिहिलं होतं, ‘मागे डोंगर येतो’. माणसांची यादी वेगळी होती. काही नावांपुढं इंग्रजीची खूण, काहींपुढं घड्याळाचं चित्र, म्हणजे तासाभरात फोन उचलणारे. दोन्ही खुणा असलेली नावं बोटांवर मोजण्याइतकी.

“जगाला लंका कळते ती यांच्याकडूनच, मॅडम,” तो म्हणाला. टोमणा होता की माहिती, कळलं नाही. बहुधा दोन्ही.

त्या दुहेरी खुणेच्या एका विश्लेषकांना भेटायला गेले, तर त्यांच्यासमोर आधीच एका युरोपीय वाहिनीचा कॅमेरा लागलेला. त्यांचं आवरेपर्यंत मी शेजारच्या टेबलावर बसले आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली वाक्यं मला ओळखीची वाटली, कारण आदल्या आठवड्यात ती मी एजन्सीच्या कॉपीत वाचली होती. माझी पाळी आली तेव्हा मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, “आधी चीन घ्यायचा की मार्क्सवाद?”

मी म्हटलं, तुमचा मूळ विषय कोणता? गृहस्थ जरा सावरून बसले. त्यांचा अभ्यास स्थानिक स्वराज्य संस्थांचा. पुढं तासभर ते जे बोलले ते सोन्याच्या मोलाचं होतं. लंकेत तोवरच्या शेवटच्या स्थानिक निवडणुका झाल्या २०१८ साली. मार्च २०२३मध्ये पुढच्या व्हायच्या होत्या, उमेदवारी अर्जही भरले गेले होते, आणि सरकारनं पैसे नाहीत म्हणून त्या होऊच दिल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मी कोलंबोत उतरण्याच्या थोडंच आधी, ऑगस्ट २०२४मध्ये, न्यायालयानं निकाल दिला की निवडणुका न घेणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होता. ऑगस्ट २०२०नंतर या देशात कुणी मतच दिलेलं नव्हतं. गोटाबाया पळाले, दुसरा राष्ट्राध्यक्ष आला, नाणेनिधी आला, करांचा बोजा आला, आणि यातल्या कशावरही मतदाराला एक शिक्का मारायला मिळाला नव्हता. “चार वर्षांचा राग एका कागदावर उतरणार आहे,” ते म्हणाले, “आणि तुम्ही मला बंदराचं विचारता.”

हे मी त्याच रात्री लिहून पाठवलं. डेस्कवरून फोन आला. कॉपी चांगली आहे, पण स्थानिक निवडणुका म्हणजे फार आतली गोष्ट झाली, वाचकाला कळणार नाही. हंबनटोटाचं काय?

हंबनटोटाचं असं आहे. बंदर गोटाबायांचे भाऊ महिंदा राजपक्षे यांच्या काळात चिनी कर्जातून बांधलं गेलं, चाललं नाही, आणि २०१७ साली चायना मर्चंट्स या कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेकरारानं, १.१२ अब्ज डॉलरला दिलं. ‘कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीननं बंदर घेतलं’ ही गोष्ट इतकी सुबक आहे की कुठल्याही मथळ्यात बसते. पण त्या भाड्याच्या रकमेतून बंदराचं कर्ज फेडलं गेलं नव्हतं. ते कर्ज चीनच्या एक्झिम बँकेला देणं तसंच राहिलं आणि आलेले डॉलर देशाच्या गंगाजळीत गेले, कारण त्या वेळी सगळ्यांत जड जात होते ते आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या सरकारी रोख्यांचे हप्ते. लंकेच्या परकीय कर्जातला सर्वांत मोठा वाटा या रोख्यांचाच होता. चीनचा वाटा मोजण्याच्या पद्धतीनुसार १० ते २० टक्के. उमेश मोरामुदलींसारख्या लंकेच्याच अर्थतज्ज्ञांनी हे आकड्यांनिशी मांडलेलं आहे. चीनची कर्जं स्वच्छ होती असं मी म्हणत नाही. हंबनटोटाचा प्रकल्प म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या हौसेला मोल नाही, याचा नमुनाच होता. पण रोखे घेणारे न्यूयॉर्क आणि लंडनचे फंड फोटोत दिसत नाहीत आणि क्रेन दिसते. दिसणाऱ्याला दोष देणं सोपं जातं. हा खुलासा मी दोन परिच्छेदांत लिहिला. छापून आला तेव्हा त्यातलं ‘९९ वर्षांच्या भाडेकरारानं चीनकडे’ एवढंच उरलं होतं, आणि सोबत क्रेनचा फोटो.

कोलंबोबाहेर पडण्यासाठी मी डेस्कला आवडेल असा बहाणा काढला: मार्क्सवादी उमेदवाराचं गाव. अनुरा कुमारा दिसानायके वाढले ते अनुराधपुरा जिल्ह्यातल्या तंबुत्तेगामा या गावात. महावेली प्रकल्पाच्या पाण्यावर भात पिकवणारा सपाट मुलूख. ‘मार्क्सवादी नेत्याचं साधं घर’ शोधत तिथं आमच्याआधीही पथकं येऊन गेलेली होती, त्यामुळं रस्ता विचारायच्या आत लोक हात दाखवत होते. घर पाहिलं, फोटो काढला आणि फिक्सरच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडं गेलो.

तिथं मला फारसं विचारावंच लागलं नाही. घरातल्या बाईंनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि चटईवर रिकामी केली. विजेची बिलं, तारखेनुसार रबर लावून ठेवलेली. बँकेतल्या सोनंतारणाच्या पावत्या. खताच्या अनुदानाचा एक कागद. त्यांनी ते पत्त्यांसारखे ओळीनं मांडले. पहिली सोनंतारणाची पावती २०२१च्या हंगामातली. त्या वर्षी गोटाबायांनी एका झटक्यात रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली, देश सेंद्रिय करायचा म्हणून. नोव्हेंबरात बंदी मागं घ्यायला सुरुवात झाली, पण तोवर ‘महा’ या भाताच्या मुख्य हंगामाची पेरणी होऊन गेली होती आणि भाताचं उत्पादन साफ बसलं. दुसरी पावती पहिलीच्या व्याजापायी. मग बिलं. एका बिलावर बाईंनी नुसतं बोट ठेवलं, बोलल्या काही नाहीत. त्याच्या आदल्या महिन्याचं बिल शेजारी ठेवलं, म्हणजे मला कळावं. बांगड्या अजून बँकेतच होत्या.

मी विचारलं, अनुरांना मत देणार का? यजमान म्हणाले, देणार. ते मार्क्सवादी आहेत म्हणून? फिक्सरनं प्रश्न सिंहलीत सांगितला, तसे ते हसले आणि बराच वेळ बोलले. त्यांच्या चुलत्याला जेव्हीपीच्या, म्हणजे अनुरांच्याच मार्क्सवादी पक्षाच्या, १९८७ ते ८९च्या बंडाच्या काळात लोक घेऊन गेले. कोण घेऊन गेलं, पक्षाचे की सरकारचे, ते कधीच कळलं नाही. या भागात ते कुणी विसरलेलं नाही. तरी मत देणार, कारण बाकीच्या सगळ्यांना देऊन झालंय, आणि हा माणूस चोरी करणार नाही असं वाटतं. केली तर पाच वर्षांनी काढू. याउपर विचारसरणी काय ती आम्ही शहरवाल्यांनी बघावी.

अंगणात त्यांचा मुलगा मोटारसायकल पुसत उभा होता. त्याला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, “अक्का, आता चीनचं विचारा. मागच्या लोकांनी विचारलं होतं.”

मतपत्रिका हे या निवडणुकीतलं सगळ्यात वाचनीय लेखन होतं, असं माझं मत. एकूण ३९ उमेदवार, त्यात एकही बाई नाही, आणि कागद दोन फुटांहून लांब. दिसानायकेंचं चिन्ह होकायंत्र. विरोधी पक्षनेते साजित प्रेमदासांचं टेलिफोन. रनिल विक्रमसिंघे अपक्ष म्हणून उभे, आणि त्यांचं चिन्ह गॅस सिलिंडर! २०२२मध्ये ज्या सिलिंडरसाठी लोकांनी रात्री रस्त्यावर काढल्या, तोच. रांगा मी संपवल्या, हा त्यांचा दावा, आणि त्यात तथ्य होतं. पण सिलिंडर मिळू लागला तो परवडेनासा होऊन, हे लोक पुढं जोडायचे. अख्ख्या निवडणुकीचा वाद एका चिन्हात मावला होता. मी त्यावर चौकट लिहिली. ती लागली, कारण गमतीदार होती. छोट्या देशांबद्दल गमतीदार मजकूर नेहमी लागतो.

मतदान शांततेत झालं. १ कोटी ७१ लाखांवर मतदार, त्यांतल्या जवळपास ७९ टक्क्यांनी मत दिलं. रात्री दहापासून संचारबंदी लागली आणि पत्रकार राजगिरियातल्या निवडणूक आयोगाच्या कार्यालयाभोवती अडकून पडले. टपाली मतं आधी, मग जिल्हे. पहाटेपर्यंत दिसानायके पुढं होते, पण निम्म्याच्या खाली.

इथं सगळ्या परदेशी पथकांची पंचाईत झाली. लंकेत मतदाराला पसंतीक्रम देता येतो: एक, दोन, तीन. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिले दोघं उरतात आणि बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. ही तरतूद जुनीच, पण अध्यक्षीय निवडणुकीत तिची गरज तोवर कधीच पडली नव्हती. दिसानायकेंना ४२.३१ टक्के, प्रेमदासांना ३२.७६, विक्रमसिंघेंना १७ टक्क्यांच्या आसपास. दुसरी फेरी सुरू झाली आणि माझ्या फोनचा घसा बसला. डेस्कचा प्रश्न एकच: जिंकला का? मी सांगतेय, आघाडीवर आहे, मोजणी चालू आहे. तिकडून, अहो, पण टीव्हीवर तर जिंकला म्हणतायत. शेजारी एका वाहिनीचे बातमीदार कॅमेऱ्यासमोर ‘ऐतिहासिक दुसऱ्या फेरीचं मतदान’ होणार असल्याचं सांगत होते. आमचा फिक्सर उठून त्यांच्याकडं गेला आणि हळूच म्हणाला, “सर, मतदान नाही, मोजणी.” त्यांनी पुन्हा टेक घेतला. त्याचे पैसे त्याला कुणी दिले नाहीत.

२२ तारखेच्या संध्याकाळी निकाल आला. पसंतीची मतं धरून दिसानायके ५७ लाखांवर गेले, प्रेमदासा ४५ लाखांवर. २०१९मध्ये याच माणसाला ३ टक्क्यांच्या आसपास मतं होती. पाच वर्षांत ३ वरून ४२. हा आकडा कुठल्याही विचारसरणीनं समजावता येत नाही. त्यासाठी चटईवरची ती बिलं लागतात. मी कॉपीची सुरुवात तिथून केली: बंदीची घोषणा, पावत्या, चार वर्षं न मिळालेलं मत, मग निकाल.

मथळा लागला: ‘लंकेत लाल वादळ; भारताची चिंता वाढली’. पहिल्या परिच्छेदात जेव्हीपीनं १९८७च्या भारत-श्रीलंका कराराला केलेला विरोध आला होता. खरी माहिती, फक्त मी लिहिलेली नव्हे. त्याच दिसानायकेंना दिल्लीनं फेब्रुवारी २०२४मध्ये बोलावून घेतलं होतं आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर त्यांना भेटले होते, हे चौथ्या परिच्छेदात गेलं. २००४ साली ते चंद्रिका कुमारतुंगांच्या सरकारात कृषिमंत्री होते आणि नाणेनिधीशी करार मोडणार नाही असं प्रचारात सांगत होते, हे गळालं. बिलं तर गेलीच. आमचंच असं झालं असंही नाही. ‘मार्क्सवादी राष्ट्राध्यक्ष’ त्या दिवशी जगभरच्या मथळ्यांत होता. २४ सप्टेंबरला हरिणी अमरसूर्या पंतप्रधान झाल्या. समाजमानववंशशास्त्राच्या प्राध्यापक, संप करून रस्त्यावर उतरलेल्या प्राध्यापक संघटनेतून आलेल्या. भारतीय माध्यमांना मिळालेली सर्वांत आवडती माहिती ही, की त्या दिल्लीच्या हिंदू कॉलेजात शिकल्या.

जाफन्यातल्या एका तमिळ पत्रकाराशी मी त्या दिवसांत फोनवर बोलत होते. फळ्यावरचा तो मोकळा मुद्दा त्यांच्याकडून भरून घ्यायचा होता. त्यांनी आधी माझीच हजेरी घेतली. “बीबीसीनं भारतावर काही केलं की तुम्ही लोक चवताळता. वसाहतवादी नजर म्हणता. मग आमच्याकडं तुम्ही कुठल्या नजरेनं येता?” यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, कारण यादी मोठी आहे. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर आठवडाभरात नेपाळी लोकांनी ‘गो होम इंडियन मीडिया’ हा हॅशटॅग चालवला तो उगाच नाही. ढिगाऱ्याखालून माणूस निघायच्या आत तोंडासमोर माईक, आणि मदतीच्या बातमीत मदत करणारंच पुढं. जुलै २०२०मध्ये पंतप्रधान ओलींवरच्या मजकुरावरून नेपाळच्या केबलचालकांनी दूरदर्शन सोडून बाकी भारतीय वृत्तवाहिन्या बंद केल्या. मालदीवमध्ये सप्टेंबर २०२३ला मुइझ्झू ५४ टक्क्यांनी निवडून आले, तेव्हा आपल्याकडं ‘चीनधार्जिणा जिंकला’ यापलीकडं कुणी गेलं नाही. सत्ताधारी एमडीपी हा पक्ष माजी अध्यक्ष नशीद आणि तेव्हाचे अध्यक्ष सोली यांच्या भांडणात फुटला होता, आणि मालेत घर मिळणं हा तिथल्या माणसाचा जन्मभराचा घोर आहे, हे कुठं वाचल्याचं कुणाला आठवतं? नेपाळ, मालदीव, लंका यांच्यासाठी परदेशी माध्यमं म्हणजे आपणच. आणि लंडनचा वार्ताहर निदान सहा महिने दिल्लीत राहून तक्रार करतो.

जाफन्याचे ते पत्रकार तिथं थांबले नाहीत, म्हणून त्यांचं मला पटलं. २००९ सालच्या युद्धाच्या शेवटी स्वतंत्र पत्रकारांना उत्तरेत जाऊच दिलं नव्हतं. त्याच जानेवारीत कोलंबोत संपादक लसांथा विक्रमतुंगे यांची भररस्त्यात हत्या झाली. पुढच्या जानेवारीत व्यंगचित्रकार प्रगीत एकनालिगोडा बेपत्ता झाले, ते आजतागायत. त्या काळात जे इथं छापता येत नव्हतं ते बाहेर छापून आलं म्हणून जगाला कळलं. २२ जुलै २०२२च्या पहाटे लष्करानं गॉल फेसवरचा आंदोलकांचा तळ उठवला, तेव्हाही बाहेरचे कॅमेरे तिथं होते आणि बीबीसीच्या एका पत्रकाराला मारहाण झाली, म्हणून त्या पहाटेची बोंब झाली. “तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “मेलेल्याच्या घरी जाता तसे येता, तेवढं सोडा. अधूनमधून जेवायला या.”

तमिळांविषयी त्यांनी जे सांगितलं ते सरळ होतं. एक सामाईक तमिळ उमेदवार उभा होता, पी. अरियनेत्रन, त्यांना सव्वादोन लाखांच्या आसपास मतं पडली. जुन्या तमिळ पक्षानं प्रेमदासांना पाठिंबा दिला. तमिळ मतदार एकसंध उरलेला नाही, जुन्या नेत्यांना तो कंटाळलाय, आणि त्यालाही नोकरी आणि जमीन हवी आहे. पुढच्या निवडणुकीत बघा, असं त्यांनी बजावलं.

ती पुढची निवडणूक लगेचच आली. दिसानायकेंनी संसद बरखास्त केली आणि १४ नोव्हेंबरला मतदान झालं. त्यांच्या एनपीपी आघाडीला २२५पैकी १५९ जागा मिळाल्या, दोनतृतीयांशांहून जास्त. जाफना जिल्ह्यातल्या सहापैकी तीन जागाही त्यांनीच घेतल्या. दक्षिणेतला, सिंहली मुळाचा पक्ष जाफन्यात पहिला येणं हे लंकेच्या राजकारणात आक्रीत होतं. सप्टेंबरच्या निकालापेक्षा ही गोष्ट मोठी, असं मी बैठकीत सांगितलं आणि पुन्हा जायची परवानगी मागितली. राष्ट्राध्यक्ष तर झाला, आता संसदेचं काय एवढं, असं उत्तर आलं. वर अमेरिकेच्या निवडणुकीनं महिन्याचा प्रवासखर्च संपवलेला होता.

मग फोनवरून काम केलं. फिक्सर एका चित्रपट पथकाबरोबर दक्षिणेच्या किनाऱ्यावर होता, तरी त्यानं मतमोजणीच्या रात्री जाफन्यातली दोन माणसं जोडून दिली, पैसे न घेता. कॉपी सातशे शब्दांची झाली. एजन्सीच्या बातमीत मिसळून ती दुहेरी कॉलमात लागली, जाफन्याचा उल्लेख शेवटून दुसऱ्या वाक्यात. डिसेंबरात दिसानायके पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीला आले, तेव्हा पहिल्या पानावर मोठा फोटो होता. जानेवारीत ते बीजिंगला गेले, तेव्हा त्याहून मोठा. फळा अजून तोच आहे. नेपाळच्या निवडणुकीसाठी मला सध्या त्यावर मुद्दे लिहायला सांगितलंय, आणि पहिल्या ओळीत मी लिहिलंय: विजेचं बिल.